फेनोफायब्रेट सुरू करताना: काय आधी, काय नंतर, आणि नेमकं कुठे चुकतं

ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली एक प्रकारची चरबी, वाढल्याचा रिपोर्ट येतो, डॉक्टर फेनोफायब्रेट लिहून देतात आणि त्याच रात्री पहिली गोळी घेतली जाते. दोन-तीन महिन्यांनी आकडा खाली आलेला दिसला की गोळी आपोआप बंद होते. औषधं देण्याच्या माझ्या कामात मी हे इतक्या वेळा पाहिलंय, की चिठ्ठीवर हे नाव दिसलं की मी आधी विचारते, "क्रिएटिनिन कधी केलं होतं?" मूत्रपिंडं कशी चाललीत हे दाखवणारी ही रक्ततपासणी. बहुतेकदा समोरून उत्तर येत नाही.

औषध तसं अवघड नाही. घोळ होतो तो क्रमाचा. आधी करायच्या तपासण्या नंतर होतात किंवा होतच नाहीत, आणि विचारून करायच्या गोष्टी मनानेच केल्या जातात. म्हणून इथे सगळं क्रमाने मांडलंय. डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध नीट घेता यावं, एवढ्यासाठी हे आहे. पायरी ७ मधली तातडीची लक्षणं सोडली, तर वाचून स्वतःहून गोळी सुरू किंवा बंद करू नका, डोसही बदलू नका.

## आधी एक गैरसमज काढून टाका

फेनोफायब्रेटला सरसकट "कोलेस्टेरॉलची गोळी" म्हणतात. तिचं मुख्य काम मात्र ट्रायग्लिसराइड उतरवणं हे आहे, आणि ते साधारण ३० ते ५० टक्क्यांनी उतरतात. एलडीएल, म्हणजे ज्याला आपण वाईट कोलेस्टेरॉल म्हणतो, त्यावर तिचा परिणाम कमी असतो. ट्रायग्लिसराइड फारच वाढलेले असतील, तर ते उतरताना एलडीएल थोडं वरही जाऊ शकतं.

एलडीएल उतरवण्याचं काम स्टॅटिनचं, म्हणजे अॅटोरव्हास्टॅटिन, रोसुव्हास्टॅटिन वगैरे गोळ्यांचं. हृदयविकाराचा झटका टाळण्यासाठी मुख्य भरवसाही त्यांच्यावरच आहे. मधुमेह असलेल्या लोकांवरच्या अकॉर्ड लिपिड या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. त्यात स्टॅटिनच्या जोडीला फेनोफायब्रेट दिल्याने हृदयाचे झटके एकंदरीत कमी झाल्याचं दिसलं नाही. हे सांगायचं कारण एकच: "आता नवी गोळी मिळालीय, जुनी स्टॅटिनची सोडतो" असं म्हणणारे बरेच भेटतात. तसं करू नका. एकीचं काम दुसरी करत नाही.

## १. रिपोर्ट भरवशाचा आहे ना, ते पाहा

ट्रायग्लिसराइड जेवणानंतर वाढतात. आदल्या दिवशी मद्य घेतलं असेल तरी वाढतात. म्हणून औषध ठरवण्यासाठी रक्त द्यायचं ते ९ ते १२ तास उपाशी राहून. पाणी चालतं, किंबहुना प्यावंच. चहा-कॉफी, दूध, रस यातलं काही नको. आदला दिवस नेहमीसारखा घालवा. तपासणी आहे म्हणून एकच दिवस कडक पथ्य केलं, तर आकडा तुमचा नेहमीचा राहत नाही.

उपाशीपोटीचे आकडे, मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये, असे वाचतात:

- १५० पेक्षा कमी: ठीक
- १५० ते १९९: काठावर
- २०० ते ४९९: जास्त
- ५०० आणि त्यापुढे: फार जास्त. इथून स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका विचारात घ्यावा लागतो आणि १,००० च्या पुढे तो बराच वाढतो.

सावधान: काही प्रयोगशाळा हेच आकडे मिलिमोलमध्ये देतात. तिथे १.७ म्हणजे आपले १५०, आणि ५.६ म्हणजे साधारण ५००. दोन रिपोर्ट शेजारी ठेवताना आधी एकक बघा. "सहाशेवरून सातवर आलं" असं आनंदाने सांगणारा माणूस खरं तर होता तिथेच असतो.

आणखी एक बारकावा. बऱ्याच रिपोर्टमध्ये एलडीएल थेट मोजलेलं नसतं, गणिताने काढलेलं असतं. नेहमीचं ते सूत्र ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेले की भरवशाचं राहत नाही. अशा वेळी "डायरेक्ट एलडीएल करायचं का?" असं डॉक्टरांना विचारा.

## २. ट्रायग्लिसराइड का वाढले, हे विचारा

ही पायरी जवळपास सगळेच गाळतात. ताब्यात नसलेला मधुमेह, मंदावलेलं थायरॉइड, मूत्रपिंडाचे काही आजार, मद्य आणि वाढलेलं वजन ही नेहमीची कारणं. काही औषधांमुळेही आकडा चढतो: स्टेरॉइड, तोंडाने घेतलेली इस्ट्रोजेनची औषधं, मुरुमांसाठीचं आयसोट्रेटिनॉइन, रक्तदाबावरच्या काही गोळ्या, मानसिक आजारांवरची काही औषधं. यातली कुठलीही मनाने थांबवायची नाही, पण ती चालू आहेत हे सांगायचं.

थायरॉइडकडे मी मुद्दाम लक्ष वेधते. ते मंदावलेलं असेल तर ट्रायग्लिसराइड आणि कोलेस्टेरॉल वाढतात, शिवाय फेनोफायब्रेट किंवा स्टॅटिनमुळे स्नायूंना इजा होण्याची शक्यताही वाढते. थायरॉइडची टीएसएच ही एक साधी रक्ततपासणी दोन्ही प्रश्नांना पुरते.

## ३. पहिल्या गोळीच्या आधीच्या तपासण्या

आधीचा आकडा हाती नसेल, तर नंतरच्या आकड्याचा अर्थ लावता येत नाही. फेनोफायब्रेटने क्रिएटिनिन थोडं वाढतं. सुरुवातीला ते ०.९ होतं की १.३, हे माहीतच नसेल, तर दोन महिन्यांनी आलेलं १.४ डॉक्टरांना काय सांगणार?

हे करून घ्या:

- क्रिएटिनिन आणि त्यावरून काढलेला ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंडं किती गाळतात याचा आकडा. हे औषध मुख्यतः मूत्रपिंडांवाटे बाहेर पडतं. ईजीएफआर ३० ते ५९ असेल तर डोस कमी लागतो. त्याहून खाली असेल किंवा डायलिसिस चालू असेल, तर हे औषध देत नाहीत.
- एसजीपीटी, एसजीओटी, या यकृताच्या तपासण्या. यकृताचा आजार चालू असेल किंवा हे आकडे कारण न कळता सतत वाढलेले असतील, तर हे औषध नको.
- सीपीके, म्हणजे स्नायूंची इजा दाखवणारी तपासणी. सगळ्यांना लागत नाही. वय जास्त असेल, थायरॉइड किंवा मूत्रपिंडाची तक्रार असेल, सोबत स्टॅटिन असेल किंवा पूर्वी अशा गोळीने अंग दुखलं असेल, तर डॉक्टर ती सांगू शकतात. आधीचे दोन-तीन दिवस जड व्यायाम टाळा, नाहीतर व्यायामानेच आकडा फुगतो.

इथे थांबा आणि डॉक्टरांना सांगा: पित्ताशयात खडे आहेत किंवा पित्ताशयाचा आजार आहे, बाळाला अंगावर पाजता आहात, गरोदर आहात किंवा तसा विचार आहे, पूर्वी फेनोफायब्रेट किंवा किटोप्रोफेन हे वेदनाशामक घेतल्यावर उन्हाने त्वचा भाजल्यासारखी झाली होती. पित्ताशयाचं कुणी आपणहून सांगत नाही. "खडे आहेत, पण त्रास नाही" म्हणून सोडून देतात. हे औषध पित्तात कोलेस्टेरॉल जास्त सोडायला लावतं, त्यामुळे खड्यांचा प्रश्न वाढू शकतो.

## ४. चालू औषधांची यादी, स्ट्रिपा समोर ठेवून

यादी आठवून लिहू नका. घरातल्या सगळ्या स्ट्रिपा टेबलावर मांडा आणि प्रत्येकीवर मोठ्या अक्षरांतल्या ब्रँडच्या नावाखाली बारीक अक्षरांत जे छापलेलं असतं, ते उतरवा. तेच औषधाचं खरं नाव.

एकदा एका आजोबांनी माझ्यासमोर औषधांची पिशवी उपडी केली. एका डॉक्टरांनी दिलेली फेनोफायब्रेट १४५ ची स्ट्रिप होती. दुसरी, वेगळ्या डॉक्टरांनी दिलेली, नावावरून काही कळत नव्हतं. चष्मा पुसून खालची ओळ वाचली तर रोसुव्हास्टॅटिन १० आणि फेनोफायब्रेट १६०, एकाच गोळीत. आजोबा महिनाभर दोन्ही घेत होते, एक सकाळी आणि एक रात्री. मांड्या दुखतात ते वयामुळे, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती. चिठ्ठ्या दोन्ही आपापल्या जागी बरोबर होत्या. दोन्ही एकत्र कुणी पाहिल्याच नव्हत्या.

यादीत ही नावं असतील तर पहिल्या गोळीच्या आधी डॉक्टरांशी बोला:

वॉरफेरिन किंवा त्यासारखं रक्त पातळ करणारं औषध. फेनोफायब्रेटने त्याचा जोर वाढतो आणि रक्तस्राव होऊ शकतो. बहुधा वॉरफेरिनचा डोस कमी करावा लागतो आणि आकडा स्थिर होईपर्यंत आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारी तपासणी) वारंवार बघावा लागतो. या यादीत सर्वांत आधी ओरडून सांगावं असं नाव हेच.

स्टॅटिन. दोन्ही एकत्र दिली जातात, पण स्नायूंचा धोका थोडा वाढतो. डॉक्टरांनी विचार करून जोडी दिली असेल तर घ्या, फक्त पायरी ७ नीट वाचा.

जेमफायब्रोझिल. हे त्याच कुळातलं दुसरं औषध. दोन फायब्रेट एकत्र घ्यायची नसतात. स्टॅटिनसोबत जेमफायब्रोझिल तर फेनोफायब्रेटपेक्षा जास्त धोक्याचं.

कोलेस्टिरॅमिन, हे कोलेस्टेरॉल उतरवणारं आणखी एक औषध. ते फेनोफायब्रेटला पोटातच बांधून ठेवतं. म्हणून फेनोफायब्रेट त्याच्या निदान १ तास आधी किंवा ४ ते ६ तास नंतर घ्यायचं.

सायक्लोस्पोरिन (अवयव बदलल्यावर देतात ते) आणि कोल्चिसिन (गाउटवरचं). फेनोफायब्रेटच्या जोडीला पहिल्याने मूत्रपिंडांना आणि दुसऱ्याने स्नायूंना इजा होऊ शकते, म्हणून दोन्ही जपून.

## ५. स्ट्रिपवरचा आकडा समजून घ्या

सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो. फेनोफायब्रेट ४८, ५४, ६७, १३४, १४५, १६०, २०० अशा कितीतरी आकड्यांत मिळतं. १४५ संपली, १६० मिळाली, तर "डोस वाढला" असं वाटतं. २०० ची कॅप्सूल मिळाली की लोक घाबरतात.

कारण असं, की हे औषध पाण्यात विरघळत नाही. पोटातून रक्तात किती जाईल, हे त्याचे कण किती बारीक दळलेत यावर ठरतं. कण जितके बारीक, तितकं कमी मिलिग्रॅम पुरतं. २०० ची मायक्रोनाइज्ड कॅप्सूल, १६० ची गोळी आणि अतिसूक्ष्म कणांची १४५ ची गोळी, या तिन्हींचं शरीरातलं काम साधारण सारखंच. म्हणून १४५ घेणाऱ्याने १६० मिळवण्यासाठी तुकडे जोडू नयेत, आणि २०० घेणाऱ्याने "जास्त आहे" म्हणून अर्धी करू नये. फेनोफायब्रिक अॅसिड या नावाने मिळणाऱ्या औषधाचे आकडे आणखी वेगळे, ४५ आणि १३५.

तपासा: नवी स्ट्रिप हातात आली की चिठ्ठीशी तीन गोष्टी जुळवा: खालचं खरं नाव, आकडा, आणि गोळी की कॅप्सूल. एकही जुळली नाही तर काउंटरवरच विचारा. बदल मुद्दाम केला असेल तर चिठ्ठीवर तसं लिहून घ्या आणि जुनी उरलेली स्ट्रिप डब्यातून काढा. नाहीतर दोन्ही एकाच वेळी पोटात जातात.

## ६. रोजची गोळी

दिवसातून एकदा, ठरलेल्या वेळी. अतिसूक्ष्म कणांची १४५ किंवा ४८ ची गोळी जेवणासोबत घ्या किंवा जेवणाशिवाय, फरक पडत नाही. बाकीचे बहुतेक प्रकार मुख्य जेवणासोबतच घ्यायचे, कारण रिकाम्या पोटी ते पुरेसे रक्तात उतरत नाहीत. "गोळी रोज घेतो तरी आकडा हलत नाही" या तक्रारीमागे कधी कधी एवढंच असतं. तुमची गोळी कोणत्या प्रकारची आहे ते माहीत नसेल, तर जेवणासोबत घेणं केव्हाही बरं.

गोळी अख्खी गिळा. चावू नका, कुटू नका, कॅप्सूल उघडून पाण्यात टाकू नका. खाण्याच्या वेळेपर्यंत ती स्ट्रिपमध्येच राहू द्या, दमट जागी नको.

विसरलात तर त्याच दिवशी आठवताच घ्या. दुसऱ्या दिवशीची वेळ जवळ आली असेल तर ती गोळी सोडून द्या. भरपाई म्हणून दोन कधीच नाही.

गोळी चालू झाली म्हणून पथ्य सैल करू नका. ट्रायग्लिसराइड वाढवण्यात साखर, गोड पेयं आणि मद्य यांचा वाटा मोठा असतो. वजन ५ ते १० टक्के उतरलं तर आकडा साधारण २० टक्क्यांनी खाली येऊ शकतो. एवढं तर काही वेळा औषधाचा डोस न वाढवताही साधतं.

## ७. पहिले तीन महिने: कुठलं दुखणं साधं, कुठलं नाही

सुरुवातीला पोट थोडं बिघडणं, मळमळ, जुलाब, गॅस असं होऊ शकतं. बहुधा ते ओसरतं.

स्नायूंचं दुखणं मात्र ओळखायला शिका. जिना चढल्यावर एकच गुडघा दुखला, तर ते बहुधा सांध्याचं. दोन्ही मांड्या, दोन्ही दंड, खांदे, पोटऱ्या एकदम दुखू लागल्या, विशेष कष्ट केले नसताना, तर संशय औषधावर घ्यायचा. घरच्या घरी बघायचं असेल तर खुर्चीत बसा, हात छातीशी घ्या आणि हातांचा आधार न घेता उठा. गेल्या आठवड्यात सहज उठत होतात आणि आज मांड्या साथ देत नाहीत, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. ते सीपीके बघतील.

इथली ठरलेली चूक म्हणजे वेदनाशामक गोळी घेऊन आठवडा काढणं. त्याने लक्षण झाकलं जातं, आणि बऱ्याच वेदनाशामकांचा भार मूत्रपिंडांवर पडतो. स्नायू तुटत असतील तर मूत्रपिंडं आधीच संकटात असतात.

ताबडतोब रुग्णालयात जा, पुढची गोळी घेऊ नका:

- अंगदुखी किंवा अशक्तपणासोबत लघवी काळपट, काळ्या चहासारखी होणं
- पोटाच्या वरच्या भागात जोराची कळ, ती पाठीत जाणं, सोबत उलट्या
- डोळे किंवा त्वचा पिवळी दिसणं
- उजव्या बरगडीखाली कळ आणि ताप
- ओठ, चेहरा सुजणं, श्वास अडणं, अंगावर फोड येणं किंवा साल निघणं
- एकच पाय सुजून दुखणं, किंवा अचानक धाप लागून छातीत दुखणं. रक्ताची गुठळी झालेली असू शकते.

उन्हाने नेहमीपेक्षा लवकर त्वचा लाल होत असेल तर अंग झाकून बाहेर पडा आणि पुढच्या भेटीत सांगा. पुरळ उठलं तर भेटीची वाट पाहू नका, आधीच कळवा.

जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी कमी झालं असेल, खाणं-पिणं सुटलं असेल, तर "गोळी चालू ठेवू का?" हे त्याच दिवशी फोन करून विचारा. अशा दिवसांत क्रिएटिनिन झपाट्याने चढू शकतं.

## ८. पुन्हा रक्त तपासताना

पहिला लिपिड प्रोफाइल, म्हणजे ट्रायग्लिसराइड आणि कोलेस्टेरॉलची तपासणी, साधारण ४ ते ८ आठवड्यांनी, शक्यतो त्याच प्रयोगशाळेत, पहिल्यासारखंच उपाशी राहून. क्रिएटिनिन पहिल्या तीन महिन्यांत नक्की, आणि यकृताच्या तपासण्या डॉक्टर सांगतील तेव्हा. गोळी चुकवून रक्त देऊ नका. आपल्याला गोळीवरचा आकडा हवा आहे.

रिपोर्ट आल्यावर घाबरायचं कधी? क्रिएटिनिन थोडं वाढलं तर ते या औषधाचं ओळखीचं वागणं आहे आणि औषध थांबवल्यावर सहसा परत येतं. पण प्रयोगशाळेच्या वरच्या मर्यादेपेक्षा ५० टक्क्यांनी जास्त झालं तर औषध थांबवायचं असतं. एसजीपीटी किंवा एसजीओटी वरच्या मर्यादेच्या तिप्पट पुढे गेलं तरी तेच. एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, सहसा थोडं वाढतं. क्वचित एखाद्याचं उलट फार खाली कोसळतं, म्हणून तोही आकडा बघा. तो रकाना कुणी वाचत नाही.

आणि आकडा हललाच नाही तर? दोन ते तीन महिने नीट घेऊनही पुरेसा फरक नसेल, तर उगाच पुढे ओढण्यात अर्थ नाही. डॉक्टर औषध बदलतील. पण त्याआधी किती गोळ्या चुकल्या आणि किती रिकाम्या पोटी गेल्या, ते खरं सांगा. नाहीतर चालू शकलं असतं असं औषध विनाकारण बाद होतं.

## ९. आकडा खाली आला, आता?

तो गोळीमुळे खाली आहे. मूळ कारण तसंच असेल तर गोळी थांबवल्यावर तो पुन्हा चढतो, आणि पूर्वी ५०० च्या वर असलेल्यांना ते महागात पडू शकतं. वजन बरंच उतरलं, साखर ताब्यात आली, थायरॉइड सुधारलं, मद्य सुटलं, तर औषध कमी करता येईल का हे जरूर विचारा. कमी केलंच तर पुढच्या तपासणीची तारीख त्याच भेटीत ठरवून घ्या.

गर्भधारणा ठरवत असाल तर गोळीबद्दल आधीच बोला. बाळाला पाजायचं असेल तर शेवटच्या गोळीनंतर निदान ५ दिवस थांबायला सांगतात.

## १०. डॉक्टरांना फोन करण्याआधी हा कागद हातात घ्या

घाईच्या फोनवर "ती कोलेस्टेरॉलची पांढरी गोळी" एवढंच सांगितलं जातं आणि पलीकडच्या माणसाला काहीच ठरवता येत नाही. म्हणून एका कागदावर आधीच लिहून ठेवा: औषधाचं खरं नाव आणि आकडा, सुरू केल्याची तारीख, सोबतची सगळी औषधं, सुरुवातीचं आणि शेवटचं क्रिएटिनिन, एसजीपीटी आणि ट्रायग्लिसराइड, प्रत्येकाची तारीख घालून. खाली दोन ओळी कोऱ्या ठेवा. तक्रार सुरू झाली की त्यात ती कधीपासून, कुठे आणि किती, एवढं भरा. हा कागद औषधांच्या डब्यातच राहू द्या, म्हणजे फोन घरातल्या दुसऱ्या कुणाला करावा लागला तरी त्यांना तो सापडेल.